खरजेचं मलम खाजेपुरतं नसतं

खाज बोटांच्या बेचक्यांत सुटते, म्हणून मलमही तिथंच चोपडलं जातं. फसगत इथंच होते. खरजेचा किडा जेमतेम 0.4 मिलिमीटरचा. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते, खाज नसलेल्या जागीही. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं 5 टक्के परमेथ्रिन रात्री कोरड्या अंगावर मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, बेंबीत आणि नखांखालीसुद्धा. 8 ते 14 तासांनी धुवायचं. मध्ये हात धुतले, तर हातांना पुन्हा लावायचं. आठवड्याभरानं मलमाचा दुसरा हात. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. नाहीतर हा पाहुणा आळीपाळीनं मुक्काम हलवत राहतो.

किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. ती त्यांच्या अवशेषांची ॲलर्जी. रोज मलम थापलं, तर कातडी चुरचुरते, एवढंच.

उवांना याच परमेथ्रिनचं 1 टक्क्याचं लोशन पुरतं: धुऊन पुसलेल्या केसांवर 10 मिनिटं. लिखा त्यातून वाचतात, म्हणून बारीक फणी, आणि नवव्या दिवशी पुन्हा लोशन. काही घरांत मात्र झुरळांचा खडू किंवा शेतातलं फवारणीचं औषध पोरांच्या डोक्याला लावतात. तो निव्वळ जिवाशी खेळ आहे.