सरपंच थेट झाला, जमिनीचं काय?

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूरच्या मध्ये जिते लागतं. पेण तालुक्यातल्या या गावाच्या कारभाराचे नियम गेल्या काही वर्षांत मुंबईत तीनदा फिरले. २०१७ मध्ये सरपंच थेट मतदारांतून निवडायचं ठरलं. २०२० मध्ये ते रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांच्या हाती गेली. २०२२ मध्ये परत थेट. दर वेळी राज्यातलं सरकार बदललं की पद्धतही बदलली.

मला थेट निवड पटते. सात सदस्यांच्या पंचायतीत चौघांना हाताशी धरलं की सरपंचपद खिशात, आणि त्या चौघांना निवडीच्या दिवसापर्यंत कुठेतरी 'सहलीला' नेऊन ठेवायचं, हे गावोगाव माहीत आहे. आता प्रभागातल्या सदस्यांसोबत सरपंचासाठीही मतदार स्वतः बटण दाबतो. अविश्वास आणायचा तर पहिली दोन वर्षं मुभा नाही. त्यानंतरही तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव लागतो, आणि तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. मात्र सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं झालं की साध्या गटाराच्या कामाचाही ठराव अडतो. त्यावर कायद्यात नीट उपाय हवा.

खरी उणीव अधिकारांची आहे. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती. ती नाही झाली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग मोजकी माणसं बसून विषय मंजूर करतात. लोक येत नाहीत, अशी तक्रार असते. पण आपल्या ठरावाने काही अडत नाही की हलत नाही, हे कळल्यावर माणूस भातलावणी सोडून कशाला येईल?

निकाल आपल्या हातात आहे असं वाटलं की काय होतं, ते याच तालुक्याने दाखवलंय. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण, पनवेल आणि उरणमधल्या जमिनी घ्यायच्या होत्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली शेती सेझला का द्यायची, असा सवाल शेतकऱ्यांनी लावून धरला. शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी, रविवारी, पेणमधल्या २२ गावांत सरकारनेच जनमत घेतलं. अनंत चतुर्दशी होऊन आठवडाच झाला होता. प्रश्न एकच: जमीन द्यायची की नाही? कौल विरोधात गेला आणि पुढे तो सेझ बारगळला.

पण ते मतदान कोणत्याही कायद्याच्या कलमात बसणारं नव्हतं. आंदोलनाच्या रेट्यापुढे सरकारने घेतलं, इतकंच. पुढच्या प्रकल्पाला असा रेटा उभा राहिला नाही तर विचारणार कोण? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी प्रकल्पांसाठी ८० टक्के जमीनमालकांची संमती आणली खरी, पण ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांची. कुळाने, मजुराने, मिठागरात राबणाऱ्याने कुठे बोलायचं? ग्रामसभेत त्यांचं मत जमीनमालकाइतकंच मोजलं जातं. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाला ग्रामसभेची पूर्वसंमती लागते, पण रायगड त्या यादीत नाही. त्यामुळे पेणच्या डोंगरकडेच्या कातकरीवाड्यांनाही ते संरक्षण नाही. सरपंच कसा निवडायचा यावर तीनदा कायदा करणाऱ्या विधिमंडळाने ग्रामपंचायत अधिनियमात एक कलम घालावं: गावची शेतजमीन प्रकल्पाला देण्याआधी ग्रामसभेत गुप्त मतदान, आणि त्याचा निकाल सरकारवर बंधनकारक.