तेमारी, टाचण्या आणि आज्जी

शनिवारची संध्याकाळ. राजारामपुरीच्या मेन रोडवर सगळं पब्लिक शॉपिंगला बाहेर पडलेलं, आणि मी घरात आज्जीसमोर फरशीवर बसून एका गोळ्यात टाचण्या टोचतेय. घाबरू नका, करणी वगैरे नाही! या हॉबीचं नाव तेमारी.

तेमारी म्हणजे जपानी हातचेंडू. पूर्वी तिकडच्या आया जुन्या किमोनोच्या चिंध्यांपासून पोरांसाठी तो करायच्या. मेजी काळात (१८६८–१९१२) रबरी चेंडू आले आणि तेमारी हळूहळू खेळातून शोकेसमध्ये गेली. मात्सुमोतो शहरात तर मॅनहोलच्या झाकणांवरही तिचं चित्र असतं. (आपल्याकडे झाकण जागेवर असलं तरी खूप!)

गाभ्याला मी जुनी ओढणी वापरली. त्यावर लोकर, लोकरीवर शिलाईचा बारीक दोरा, लोकर दिसेनाशी होईपर्यंत. यात दोन सीरियल सहज संपतात. मग खरी परीक्षा. फूटपट्टी लागत नाही, फक्त कागदाची पट्टी. ती चेंडूभोवती फिरवून जुळते तिथं कापायची. अर्धी दुमडली की दक्षिण ध्रुव, आणखी अर्धी दुमडली की विषुववृत्त. त्याचे आठ भाग, प्रत्येकावर टाचणी, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत दोरे. आता सुई एका रेघेवर वर, शेजारच्या रेघेवर खाली अशी नागमोडी फिरवत गेलं की शेवंतीचं फूल उमलतं.

माझं नाही उमललं. एका बाजूच्या पाकळ्या ऐसपैस, दुसऱ्या बाजूच्या चेपलेल्या. तीन तास पाण्यात! वरून गडद दोरा मारून झाकून टाकावं, असा विचार चालू होता. तेवढ्यात आज्जीनं हात पुढं केला. मोतीबिंदूमुळं तिनं सुई सोडलीय, दोऱ्यांचा डबाही मलाच देऊन टाकलाय. तिनं चेंडूकडं पाहिलंसुद्धा नाही, नुसता अंगठा फिरवला.

"एका अंगाला बसलाय ह्यो. पट्टी एकाच बाजूनं लावलीस व्हय? उसव सगळं."

उसवलं. काय करणार? तिनं गोळा तळव्याखाली घेऊन पुरणाच्या उंड्यासारखा फिरवला, बसक्या जागी दोरा चढवला. बाबांच्या लगोरीसाठी असे चिंध्यांचे किती चेंडू केले, तेही ऐकवलं. मग मी पट्टी चारी बाजूंनी लावून बघितली. या वेळी पाकळ्या सारख्या आल्या.

आता गोळे आज्जीच करते, टाचण्या माझ्याकडे. पुढचा प्रकार बारा मध्यबिंदूंचा, प्रत्येकाला पाच शेजारी. अवघड वाटतंय? जुन्या काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवरचे काळे पंचकोन मोजा, बाराच भरतील. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेल्या कोल्हापूरकराला ही भूमिती वेगळी शिकवायला नको.

भावानं तो चेंडू आत्ताच बुक केलाय, त्याच्या टीमच्या रंगात. टीम कुठली, ते मात्र विचारू नका. छापून आलं तर मला पेठेतनं फिरणं मुश्कील होईल!