काठ आधी, नक्षी नंतर

मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात एक भलामोठा वीपिल आहे. वीपिल म्हणजे तिथल्या बायकांचा, सुताच्या पट्ट्या जोडून केलेला सैल अंगरखा. या वीपिलाच्या विणीत पिसं आहेत, जर आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश फौज घेऊन आलेल्या कोर्तेसची दुभाषी मालिंचे हिचा हा अंगरखा, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जाई आणि त्याला नावही तिचंच पडलं. पुढे कार्बन-१४ चाचणी झाली, तेव्हा कापड अठराव्या शतकातलं निघालं. संग्रहालयातल्या वस्तूची ही गत, तर मग कुणाच्या पणजीच्या पेटीच्या तळाशी घड्या घालून ठेवलेल्या कापडाबद्दल काय बोलावं?

अशी कापडं मेक्सिकोत आणि मेक्सिकोतून उत्तरेकडे गेलेल्या घरांत पुष्कळ आहेत. कुणाकडे सारापे, म्हणजे खांद्यावर टाकायची पुरुषांची लोकरी घोंगडी. कुणाकडे रेबोसो, म्हणजे बायकांची लांब दशांची शाल. संपादकांनी मला हा विषय दिला तो रंगीत छायाचित्रांच्या आशेने. मी मात्र काठापाशीच अडकलो.

कारण तिथल्या कंबरमागाची तऱ्हाच तशी आहे. एक दांडी झाडाला किंवा खांबाला बांधायची, दुसरी कमरेच्या पट्ट्याला. विणणारी मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे वाकली की सैल. रुंदी तिच्या हाताच्या आवाक्याएवढीच, म्हणून अंगरख्याला दोन-तीन पट्ट्या लागतात. वीपिलाची पट्टी विणताना पुष्कळदा आधी एका टोकाला थोडं विणायचं, मग माग उलटा करून दुसऱ्या टोकाकडून आधीच्या विणीकडे येत राहायचं. खरी कसोटी शेवटी लागते. मधलं अंतर कमी होत जातं आणि ताण्याच्या फटीत ठोकायची पट्टी शिरेनाशी होते. मग बारीक काडी, त्याहून बारीक काडी आणि शेवटच्या बोटभर जागेत सुईनं एकेक बाणा ओवत जायचा. तिथं नीट ठोकता येत नाही, त्यामुळे पोत बदलतो. कुठं विरळ, कुठं गच्च. कापड उजेडासमोर धरलं तर तो आडवा पट्टा दिसतो. कात्री न लावता चारही बाजूंना काठ आणि टोकापाशी हा अडखळलेला पट्टा, एवढं दिसलं की कापड कंबरमागाचं हे जवळपास नक्की. उलटं मात्र म्हणता येत नाही. रेबोसोसुद्धा कंबरमागावर होतो आणि त्याच्या टोकांना मुद्दाम दशा सोडतात, मग त्या बोटांनी गाठून जाळी करतात. ती गाठणी वेगळ्याच बायका करतात.

कापडाचं असं वाचन करणाऱ्यांत इर्मगार्ड वाइटलानर जॉन्सन यांचं नाव फार मोठं. जन्म १९१४चा, फिलाडेल्फियाचा. वडील मूळचे ऑस्ट्रियन इंजिनियर. मेक्सिकोत आले आणि आदिवासींच्या भाषा व चालीरीतींच्या अभ्यासात रमले. मुलगी कापडाकडे वळली. कोआहुइला राज्यातल्या कांदेलारिया गुहेत मृतांबरोबर ठेवलेली कापडं सापडली, त्यांचाही अभ्यास तिनं केला आणि चालू मागावरच्या कापडांचाही. गुहेतल्या चिंधीला घराण्याची गोष्ट नसते. सुताचा पीळ उजवा की डावा, सेंटिमीटरला धागे किती, काठ कसा, एवढंच हाती. माझ्या मते घरच्या कापडालाही आधी असंच अनाथ समजून पाहावं. आजीची गोष्ट त्यानंतर.

सारापेची परीक्षा निराळी. तो स्पॅनिशांनी आणलेल्या, पायांनी चालवायच्या मागावरचा. जुन्या उत्तम सारापेचे दोन उभे तुकडे विणून मधोमध जोडत, आणि मधला शंकरपाळा शिवणीवर बरोबर जुळायला हवा. निम्मा शंकरपाळा आज, निम्मा काही आठवड्यांनी, तोही डोळ्यांच्या अंदाजानं! रंगागणिक वेगळा बाणा आपल्यापुरताच जातो नि परततो. पैठणीचा पदर विणणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. उत्तर मेक्सिकोतल्या साल्तियो गावाशेजारी १५९१ साली मध्य मेक्सिकोतल्या त्लाश्कालातून आणून वसवलेल्या लोकांना या कलेचं श्रेय देण्याची प्रथा आहे. ते पूर्ण खरं असो-नसो, 'साल्तियो' हे हळूहळू गावाऐवजी शैलीचं नाव झालं आणि तशी घोंगडी इतर गावांतही विणली गेली. विक्रेत्याच्या चिठ्ठीवरचं 'साल्तियो' म्हणूनच फारसं मनावर घेऊ नये.

काळ ठरवायला रंग उपयोगी पडतो. निवडुंगावरच्या कोचिनिल किड्याचा लाल आणि निळीचा निळा हे जुने. १८५६ साली इंग्लंडात पर्किननं पहिला कृत्रिम जांभळा बनवला आणि पुढच्या दशकांत असे रंग मेक्सिकोतही पोचले. मूळ विणीतच कृत्रिम रंग असेल, तर कापड त्याआधीचं असूच शकत नाही. शिवणीच्या आत डोकावून पाहा. उजेड न लागलेला मूळ रंग तिथं टिकलेला असतो.

पण खरी पंचाईत इथूनच सुरू होते. कोचिनिल आणि नकली लाल यांतला फरक नुसत्या डोळ्यांना भल्याभल्यांना कळत नाही. धाग्याचा कण तोडून प्रयोगशाळेत द्यावा लागतो, आणि कण तोडायला घरातलं कुणी राजी नसतं. दक्षिणेकडच्या ओआहाका राज्याच्या किनाऱ्यावर मिश्तेक जमातीचे रंगारी समुद्री गोगलगायीचा रस सुतावर घेऊन तिला जिवंत खडकावर सोडतात. त्या जांभळ्याचा दर्याचा वास वर्षानुवर्षं टिकतो म्हणून तो हुंगून ओळखत. एकदा साबणाने खसखसून धुतलं की तो पुरावाही पातळ होतो. नक्षीचा तर भरवसाच नाही. ओआहाका शहराजवळच्या तेओतित्लान देल व्हाये या विणकरांच्या गावात १९७०च्या दशकात अमेरिकी व्यापाऱ्यांच्या मागणीवरून अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या नक्षीची घोंगडी निघू लागली. आज ती वारशात आलेली असतात, आणि घरचे त्यांना नावाहो म्हणतात. शिवाय जुने वीपिल कापून उशांचे अभ्रे, पिशव्या झाल्या. जुन्या कापडाला नवी शिवण, नव्याला जुनी पट्टी.

आणि गाव सापडलं, काळ सापडला, तरी विणणारीचं नाव बहुधा सापडत नाही. कापडावर सही करण्याची रीतच नव्हती. आजोबांनी कुठल्या बाजारातून आणलं हे घरात आठवतं, कुणी विणलं हे कुणी विचारलेलंच नसतं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

त्यात कसर. डांबराच्या गोळ्यांच्या भरवशावर बंद ठेवलेली पेटी उघडावी तर लोकरीला भोकं पडलेली.

तेव्हा ज्यांच्याकडे असं काही असेल, त्यांनी ते आधी धुऊ नये, कापू नये, भिंतीला खिळे ठोकून टांगू नये. उलटी-सुलटी बाजू, चारही काठ आणि शिवण यांचे शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावेत. कापड कुणाकडून आलं, कोण काय सांगायचं, हे तारखेसह कागदावर लिहावं. पटत नसलं तरी लिहावं. मग ओआहाकाच्या वस्त्रसंग्रहालयासारख्या जाणत्या ठिकाणी विचारावं. लिहून ठेवण्याचं काम मात्र घरातली सर्वांत म्हातारी व्यक्ती बोलती असेपर्यंतच उरकावं.