पावाचा राखणदार

‘लॉर्ड’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो इंग्लंडमधला रुबाबदार उमराव. या पदवीचं मूळ मात्र पावात आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ह्लाफवेअर्ड’ असा होता. ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. आश्रितांच्या पोटाची सोय पाहणारा तो धनी, आणि त्याचा आश्रित तो ‘पाव खाणारा’. ‘लेडी’चा मूळ अर्थही पीठ मळणारी असा लावतात. सत्ता आणि अन्न यांचं नातं इतक्या उघडपणे सांगणारे शब्द विरळाच! आजचा ‘लोफ’ हा त्याच ‘ह्लाफ’चा वंशज.

१०६६मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच आली, पुढच्या शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत रुजले आणि कित्येक जुन्या शब्दांना अंग चोरून बसावं लागलं. ‘डिअर’ म्हणजे पूर्वी कोणताही प्राणी. ‘बीस्ट’ आणि नंतर ‘ॲनिमल’ आल्यावर त्याच्या वाट्याला फक्त हरीण उरलं. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘टिअर’ मात्र आजही सगळ्या प्राण्यांना सामावून घेतो.

‘गर्ल’चा अर्थही असाच आकसला. पूर्वी ‘गर्ल’ म्हणजे मुलगाही असू शकत होता, कारण त्याचा अर्थ नुसतं ‘मूल’ असा होता.

सगळ्यांत विलक्षण प्रवास ‘सिली’ आणि ‘नाइस’ यांचा. ‘सिली’ म्हणजे आधी सुखी, भाग्यवान. मग निष्पाप, मग बिचारा, आणि शेवटी खुळा. ‘नाइस’ उलट्या दिशेने निघाला. ‘अजाण’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो फ्रेंचमार्गे आला, १३००च्या सुमारास इंग्रजीत ‘मूर्ख’ म्हणून वावरला, पुढे चोखंदळ, नाजूक असे अर्थ घेत अठराव्या शतकात ‘छान’ झाला.