ना पाना, ना पेचकस

शस्त्रक्रियेची अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेवर निर्जंतुक होतात. मोटारी आणि सेन्सरनी भरलेला रोबोटचा हात त्यात घालता येत नाही. म्हणून ‘दा विंची’सारख्या यंत्राच्या (अमेरिकेत मान्यता २००० साली) हातांवर दर शस्त्रक्रियेला नवे, पारदर्शक प्लास्टिकचे आवरण चढते. ते चढवणारी नर्स निर्जंतुक हातमोज्यांत असते. आवरण बसवायला तिला पेचकस द्यायचा तर आधी तोही निर्जंतुक करा. शिवाय निसटलेला स्क्रू कुठे पडेल, ही धास्ती वेगळीच!

खरी करामत आवरणातच जडवलेल्या अडॅप्टरची. मोटारीची फिरकी अवजारापर्यंत पोचली पाहिजे, पण निर्जंतुक पडदा भेदला जाता कामा नये. अडॅप्टरमधल्या फिरत्या चकत्या एका अंगाने मोटारीशी, दुसऱ्या अंगाने अवजाराशी जुळतात. अडॅप्टर दाबला की खट्‌कन बसतो. हा ‘खट्’ आवाज क्षुल्लक समजू नये: दोन थरांच्या हातमोज्यांतून बोटांना बारीकशी फट जाणवेलच असे नाही.

प्लास्टिक मात्र तापदायकच. सांध्यापाशी ते ताणले तर फाटते, सैल सोडले तर शेजारच्या हातात अडकते.