हललेल्या फोटोचं गणित

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझचं एक मोठं तैलचित्र आहे, सूत कातणाऱ्या बायकांचं. १६५५ ते १६६० च्या दरम्यान कधीतरी रंगवलेलं. डावीकडे एक बाई चरख्याशी बसली आहे, आणि त्या चरख्याच्या फिरत्या चाकाला आरेच नाहीत! आहे ती नुसती चमचमती, आरपार दिसणारी चकती. फोटोग्राफीचा जन्म व्हायला तेव्हा जवळपास पावणेदोनशे वर्षं अवकाश होता. पुढे ज्याला सगळे कॅमेऱ्याचा दोष म्हणणार होते, ते या चित्रकारानं कुंचल्यानं मुद्दाम रंगवून ठेवलं होतं.

आज आपली खटपट तीच आहे, फक्त हातात कुंचल्याऐवजी माउस आला आहे. भर उन्हात कॅमेऱ्याचं शटर १/१००० सेकंदच उघडतं. ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारी एसटी तेवढ्या वेळात जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकते. फोटो असा लख्ख येतो, की गाडी थांब्यावर उभी आहे असंच वाटावं. मग सॉफ्टवेअर उघडून तिला पुन्हा पळवायची.

पळवायची तर किती? याचं उत्तर चक्क गणितानं निघतं. शटर १/३० सेकंद उघडं राहिलं असतं, तर तीच एसटी साधारण ५५ सेंटिमीटर पुढे गेली असती. गाडी ११ मीटर लांब आहे आणि फोटोत तिनं २२०० पिक्सेल व्यापलेत असं धरू. म्हणजे एका मीटरला २०० पिक्सेल आणि ५५ सेंटिमीटरला सुमारे १११. फोटोशॉपचा मोशन ब्लर फिल्टर दोनच गोष्टी विचारतो, कोन आणि अंतर. कोनात शून्य टाका, अंतरात १११. काम झालं.

आत घडतं ते फारच साधं आहे. प्रत्येक पिक्सेलच्या जागी, त्या रेषेवरच्या १११ पिक्सेलांची सरासरी ठेवली जाते. एवढ्याशा हिशोबावर डोळा फसावा याचं आश्चर्य वाटतं खरं, पण त्याला कारण आहे. उघड्या शटरमागे सेन्सरही दुसरं काही करत नाही. प्रत्येक बिंदूवर क्षणाक्षणाला येऊन पडलेला प्रकाश तो साठवत जातो. हललेला फोटो म्हणजे बिघडलेला फोटो नव्हे, ती वेळेची बेरीज असते.

खरी मजा यापुढे सुरू होते, कारण हा फिल्टर अख्ख्या फोटोवर फिरवला की झाडं, मैलाचा दगड आणि एसटी, सगळंच सारखं फरफटतं. म्हणून आधी ठरवावं लागतं, की कॅमेरा काय करत होता. तो तिपाईवर स्थिर असेल, तर गाडी पुसट आणि झाडं स्पष्ट. फोटोग्राफरनं गाडीबरोबर कॅमेरा वळवला असेल, म्हणजे पॅनिंग केलं असेल, तर गाडी स्पष्ट आणि मागचं सगळं आडव्या रेघांत. त्यातही एक बारकावा आहे. जागच्या जागी कॅमेरा वळवला, तर मागचं झाड आणि त्यामागचा डोंगर जवळपास सारखेच फरफटतात. पण शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या गाडीतून फोटो काढला असेल, तर जवळचं कुंपण पार पुसून जातं आणि लांबचा डोंगर जवळपास जागेवरच राहतो. दोन्हींत एकच पट्टी ओढली, तर बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येणार नाही, पण फोटो खोटा आहे हे कळेल.

आता चाकाकडे बघू. पॅनिंगच्या फोटोत चाक आसाभोवती फिरताना दिसतं. मीटरभर व्यासाचं चाक ५५ सेंटिमीटर अंतरात सुमारे ६४ अंश फिरतं, तेवढा गोल ब्लर द्यायचा. फोटोशॉपमध्ये त्यासाठी स्पिन ब्लर आहे. तिपाईवरच्या फोटोत मात्र प्रकार वेगळाच. धावत्या चाकाचा जो बिंदू रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणी चक्क थांबलेला असतो! आणि अगदी वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगानं, ताशी १२० किलोमीटरनं पुढे जात असतो. त्यामुळे खऱ्या फोटोत चाकाचा वरचा भाग पार पुसलेला आणि जमिनीलगतचा त्या मानानं स्पष्ट येतो. गोल ब्लर सगळीकडे सारखा फिरवला, की चाक जागच्या जागी घसरल्यासारखं दिसतं.

पॅनिंगच्या नकलेत आणखी एक खोड निघते. मागचा भाग पुसट करताना एसटीचा लाल रंगही सरासरीत ओढला जातो आणि गाडीभोवती लालसर धूर उठतो. यावर उपाय असा. एसटी कापून वेगळ्या लेयरवर ठेवायची. खाली पडलेलं भोक आजूबाजूच्या झाडाझुडपांनी बुजवायचं. मग तो लेयर पुसट करायचा आणि शेवटी गाडी वर बसवायची.

सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे दिवे. रात्रीच्या फोटोत हेडलाइट १० पिक्सेल रुंद आहे आणि पांढराशुभ्र, म्हणजे २५५, अशी त्याची नोंद आहे. काळ्या रस्त्यावर १११ पिक्सेलांची सरासरी काढली की उरतात २३, जवळजवळ काळोखच. खऱ्या फोटोत मात्र तिथे झगझगीत पांढरी रेघ उमटते. असं का? तर २५५ हा आकडा दिव्याचा नाहीच, तिथे मोजपट्टी संपली एवढंच तो सांगतो. दिवा पांढऱ्या भिंतीच्या शंभरपट प्रखर असेल, तर अकरा ठिकाणी वाटूनही प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीच्या नऊपट उजेड येतो. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली हे दाखवून दिलं. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून प्रकाशाची खरी मापं परत मिळवून त्यांवर ब्लर दिला, तर तो खरोखर हललेल्या फोटोसारखा दिसतो. साध्या फोटोवर दिला, तर मळकट. म्हणूनच जाणकार मंडळी असलं काम ३२ बिटमध्ये, म्हणजे मोजपट्टी २५५ ला संपत नाही अशा फाइलमध्ये करतात, नाहीतर ब्लर देण्याआधी दिवे हातानं उजळून घेतात.

सिनेमावाल्यांना या पुसटपणाची किंमत फार आधी कळली. १९३३ च्या 'किंग काँग'मधला गोरिला झटके देत चालतो, कारण प्रत्येक चौकटीत तो पुतळा स्थिर उभा करून टिपलेला होता. १९८१ च्या 'ड्रॅगनस्लेअर'मध्ये शटर उघडं असतानाच ड्रॅगनची प्रतिकृती मोटरींनी हलवली गेली. १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या कुक, पोर्टर आणि कारपेंटर यांनी संगणकात चित्र घडवणारा प्रत्येक प्रकाशकिरण वेगवेगळ्या क्षणी सोडण्याची युक्ती काढली. त्यांच्या बिलियर्डच्या प्रसिद्ध चित्रात एक चेंडू शटर उघडं असतानाच दिशा बदलतो, आणि ते वळणही पुसटपणात दिसतं.

आता फोनही हे करतात. गुगलच्या पिक्सेल ६ मध्ये २०२१ साली आलेली सोय, गाडी वेगळी ओळखून तिची पार्श्वभूमी आपोआप फरफटवते. पण त्यासाठी तिला लागोपाठ घेतलेले अनेक फोटो लागतात. २०१९ मध्ये गुगलच्याच संशोधकांनी दोन फोटोंवरून ब्लर तयार करून दाखवला होता. एका फोटोत हालचालीची नोंदच नसते, ती कुठून काढणार?

आणि ती नोंद बाहेरून भरली, तरी एक प्रश्न उरतोच. सारख्या वेगाची रेघ दोन्ही टोकांना सारखीच असते. गाडी कुठून कुठे गेली, हे ती सांगत नाही. म्हणून खरे फोटोग्राफर शटर मिटता मिटता फ्लॅश उडवतात, म्हणजे स्पष्ट गाडी पुढे आणि रेघा तिच्या मागे राहतात. फोटोशॉपच्या पाथ ब्लरमध्ये या फ्लॅशची नक्कलही दिलेली आहे. ती मात्र योग्य टोकाला लावायला हवी. नाहीतर इतका हिशोब करून पळवलेली एसटी, रिव्हर्स गिअरमध्ये ताशी ६० नं निघालेली दिसेल.