धरणाकाठची तहान

भोरच्या वेळवंडी खोऱ्यात मे महिन्यात भाटघर जलाशय ओसरला, की कांबऱ्याचे कांबरेश्वर मंदिर पाण्याबाहेर येते. १९२७ साली हे धरण पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या शेतीला जाते. वेल्ह्यातल्या पानशेत-वरसगावचे पुण्याला. पाऊस मात्र पडतो तो इथल्याच डोंगरांवर. काळा कातळ, उभा उतार, म्हणून तो फारसा मुरत नाही, आणि खोऱ्यातली सखल भातखाचरे तर धरणातच गेली. उरली वरकस जमीन. राब भाजायचा, नाचणी-वरी घ्यायची, तीही एकाच हंगामात. उन्हाळ्यात काठावरच्याच वाड्यांना टँकर लागतो, हे बाहेरच्याला खरे वाटत नाही.

मग तरुण पोरे पुण्या-मुंबईला जातात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. २०११ च्या जनगणनेत अख्खा वेल्हे तालुका जेमतेम ५५ हजारांचा होता. आता जमिनीला भाव आला आहे, गडांच्या वाटांवर न्याहारी-मुक्कामाचे फलक लागले आहेत. पण विकलेली जमीन परत येत नाही. माझ्या मते खरा प्रश्न एवढाच : जलाशयातले थोडे पाणी उपसून वरच्या खाचरांना मिळेल का?

आवणीला मात्र पोरे रजा काढून येतात. चार-आठ दिवस घरे भरलेली असतात.